धवलारणीचा मान

कार्तिक शुद्ध द्वादशीस तुळशीवृंदावनापुढे अंतरपाट धरला जातो आणि चातुर्मासात बंद राहिलेले लग्नमांडवांचे दार उघडते. कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत या सुमारास भात कापून खळ्यावर येत असते. साजगावच्या विठोबाची यात्रा ऐन भरात असते. आणि ज्यांच्या घरी मुलामुलींची लग्ने ठरली आहेत अशी मंडळी यात्रेतच सोयऱ्याधायऱ्यांची गाठ घेऊन तिथी पक्की करीत असतात. अशा या मंगल काळात एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आमच्या मनात दोन-तीन वर्षे घोळत होते. तो विषय म्हणजे आगरी समाजाच्या विवाहात म्हटले जाणारे धवळे आणि ते म्हणणारी धवलारीण.

ज्यांनी हे गाणे ऐकलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पनवेल, उरण, पेण, अलिबागपासून वर आमच्या कर्जत-खालापूरपर्यंत जेथे जेथे आगरी वस्ती आहे, तेथे लग्नाचे विधी चालविण्याचा मान परंपरेने एका जाणत्या स्त्रीकडे आहे. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कृत्याच्या वेळी ती बसून गाते. सोबतीस बहुधा दुसरी एखादी बाई असते, ती ओळ झेलते. तबला नाही, पेटी नाही, टाळसुद्धा नाही. लय संथ, स्वर मोजके. गणरायापासून कार्ल्याच्या एकवीरेपर्यंत, गावदेवीपासून घराण्यातील गेलेल्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांना ती नावे घेऊन मांडवात बोलावते, आणि मग वधूवरांची, त्यांच्या आईबापांची नावे गाण्यात गुंफीत जाते. ब्राह्मण पुरोहित येतो, मंगलाष्टके म्हणतो आणि तासाभरात दुसऱ्या मुहूर्ताकडे निघतो. धवलारीण मात्र आदल्या दिवसापासून त्या घरची असते.

या गाण्यावर आज तिन्ही बाजूंनी टीका होते. शहरातून येणारे गानरसिक म्हणतात, यात राग नाही, ताल नाही, हे संगीतच नव्हे. शिकलीसवरलेली काही मंडळी म्हणतात, भाषा अशुद्ध आहे. यांना साधा ळकार उच्चारता येत नाही. आणि खुद्द मांडवातील तरुण पिढी म्हणते, हे रडगाणे पुरे करा, ध्वनिक्षेपकवाले केव्हाचे थांबले आहेत. तिसऱ्यांवर आमचा राग नाही; तारुण्याला नाचावेसे वाटते आणि आगरी-कोळी गीतांचा ठेका आहेच तसा पाय उचलायला लावणारा. पहिल्या दोघांशी मात्र आम्हाला चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. कारण ते शास्त्राचे नाव घेतात, आणि शास्त्राचे नाव घेणाऱ्याने निदान शास्त्र उघडून पाहिलेले असावे.

प्रथम ळकाराचा निकाल लावू. आगरी बोलीत ळ नाही. डोळ्यास डोला, काळ्यास काला म्हणतात. म्हणून आपण ज्यास धवळा म्हणतो त्यास आगरी बाई धवला म्हणते आणि स्वतःस धवलारीन. आता संस्कृत शब्द कोणता? धवल. वैदिक भाषेत दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या डकाराचा ळ होतो, हे ऋग्वेदाचे पहिले सूक्त ज्यांनी ऐकले आहे त्यांस ठाऊक आहे. परंतु पुढे अभिजात संस्कृतात तो वर्ण उरला नाही, आणि धवल या शब्दात तर तो कधीच नव्हता. तो आपल्या मराठीने नंतर आणला. म्हणजे अशुद्ध ठरवायचेच झाले तर धवळा हे आपले रूप मूळापासून दूर गेलेले आहे आणि शेतावरून येऊन मांडवात बसलेली ती बाई शार्ङ्गदेवाचा उच्चार करीत आहे. आम्ही हे एका प्राध्यापक महाशयांना सांगितले तेव्हा ते हसले. पण त्यानंतर त्यांनी तो मुद्दा काढला नाही.

शार्ङ्गदेवाचे नाव उगाच घेतलेले नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने संगीतरत्नाकर रचला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींचे गवई ज्या ग्रंथास कान धरतात तो हाच. त्याच्या प्रबंधाध्यायात धवल नावाचा प्रबंध सांगितलेला आहे. आशीर्वादपर शब्दांनी युक्त, धवल हे पद ज्यात येते असा. त्याचे कीर्ती, विजय आणि विक्रम असे तीन प्रकार, अनुक्रमे चार, सहा आणि आठ चरणांचे. एवढे लक्षण बांधून शार्ङ्गदेव आणखी एक मुभा देतो, आणि तीच आम्हाला फार मोलाची वाटते: लोकांत जशी रूढी असेल तसाही धवल गावा. राजदरबारी बसलेला शास्त्रकार लोकरूढीपुढे वाट मोकळी करून देतो, आणि आज त्याच्या नावाने गंडा बांधणारे त्याच गाण्यास संगीत म्हणावयास तयार नाहीत!

त्याहून शंभर वर्षे मागे जा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास सुमारे इ. स. 1130 मधला. कोणते गीत कोठे गावे हे सांगताना त्याने धवल विवाहात गाण्यास सांगितला आहे, मंगल उत्सवात, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात हेही नमूद केले आहे. म्हणजे आपल्या ओवीचा आणि धवळ्याचा दाखला एकाच ग्रंथात शेजारी शेजारी पडलेला आहे. तिकडे गुजरातेत वैष्णव घरांत आजही धोळ गातात. तो याच धवलाचा भाऊ.

मराठीपुरते पाहू गेल्यास तर मान आणखी वाढतो. महानुभाव पंथातील महदाइसा, जिला महदंबा असेही म्हणतात, ती मराठीची आद्य कवयित्री. ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा सोहळा मांडला आणि तिला गाण्यास सांगितले. त्या प्रसंगी तिने जे गाइले ते धवळे. तेराव्या शतकातील ही गोष्ट. तिने अभंग रचला नाही, श्लोक रचला नाही. लग्नघरी बायका जे गात तोच प्रकार तिने उचलला आणि तो देवाच्या लग्नास लावला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ठिकठिकाणी पेढे वाटले गेले, भाषणे झाली. त्या भाषणांतून महदंबेचे नाव अभिमानाने घेतले गेले. ज्या गीतप्रकाराने ती आद्य कवयित्री ठरली, तो अजून जिवंत आहे आणि खोपोलीच्या पलीकडे एखाद्या वाडीत या मोसमातही कानावर पडू शकतो, हे मात्र त्या भाषणांत आम्ही ऐकले नाही.

आता राग आणि ताल. धवळ्यात चार-पाच स्वरांपलीकडे चाल जात नाही, हे खरे आहे. पण ऋग्वेदाचे पठण किती स्वरांत होते? उदात्त, अनुदात्त आणि स्वरित. तीन. ते ऐकताना हेच रसिक डोळे मिटून घेतात आणि त्यात गांभीर्य आहे म्हणतात. आहेच. मग चार स्वरांत गाणाऱ्या बाईच्या गाण्यात ते का सापडू नये? गीताचे काम काय, यावर त्याची घडण ठरते. बैठकीतील ख्याल श्रोत्यास रंजविण्यासाठी आहे, म्हणून त्यास आलाप, बोल, ताना हव्यात. आमच्या कीर्तनात पद आले की आम्हीही थोडे आळवितो, कारण समोर बसलेल्यांस निरूपणाचा शीण होऊ नये. धवला श्रोत्यासाठी नाहीच. तो कृत्यासाठी आहे. तांदूळ पाखडून होईपर्यंत, हळद दळून होईपर्यंत, उंबराची फांदी मांडवात येईपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तो चालला पाहिजे. हात थांबले की थांबला पाहिजे. ताल त्या हातांचा आहे. जात्याजवळ बसून ऐकले तर तो ऐकू येतो, मांडवाबाहेर खुर्ची टाकून ऐकले तर येत नाही.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो आमच्या अभ्यासाच्या वाटेवरचा आहे. श्रौत यज्ञात प्रैष नावाचा प्रकार असतो. आता हे कर, आता ते आण, अशी एका ऋत्विजाने दुसऱ्यास दिलेली आज्ञा. ती आज्ञा हाही मंत्रच. तिचे शब्द ठरलेले. धवलारीण गाते त्यात हेच आहे. आता सुवासिनींनो उठा, आता मुसळाला हात लावा, आता मामास बोलवा, असे गाण्यातूनच ती सांगते आणि त्याप्रमाणे घडते. तिच्याजवळ पोथी नाही, आणि मांडवात कोणाला विचारावेही लागत नाही. गीत हीच पोथी, गीत हाच प्रयोग. हे गाणे गेले तर केवळ चाल जात नाही. विधीचा क्रम जातो, कोणत्या वेळी कोणाला मान द्यायचा हे जाते, आणि जी पूर्वजांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत ती जातात.

आमच्या वैदिक बंधूंपैकी काहींचा आक्षेप निराळा असतो. ते म्हणतात, विवाह हा संस्कार आहे, तो मंत्रांनी होतो, बायकांच्या गाण्यास त्यात स्थान नाही. त्यांस आम्ही आदरपूर्वक गृह्यसूत्रे पुन्हा एकदा पाहण्याची विनंती करू. आश्वलायन विवाहप्रकरणाचा आरंभच असा करतो की, देशोदेशीचे आणि गावोगावचे धर्म नानाविध असतात, ते विवाहात पाळावेत. जे सर्वत्र समान तेवढे मी सांगतो. आपस्तंब तर स्पष्टपणे म्हणतो की, विवाहातील रूढ कृत्ये स्त्रियांकडून समजून घ्यावीत. पारस्कर म्हणतो, विवाहात आणि अंत्यविधीत गावचे म्हणणे ऐकावे. सीमंतोन्नयनात वीणेवर गाणाऱ्यांस गावयास सांगावे आणि वृद्ध सुवासिनी जे जे सांगतील ते ते करावे, हेही आश्वलायनाचेच. इतकेच काय, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्येचे विवाहसूक्त पाहा. सूर्या सासरी निघाली तेव्हा तिच्या पाठराखिणी कोण होत्या? रैभी आणि नाराशंसी. आणि तिचे सुंदर वस्त्र सजले होते ते गाथेने. ही सगळी गीतप्रकारांची नावे आहेत! वेदातील वधूबरोबर करवल्या म्हणून गाणी जातात. त्या सूक्ताची द्रष्टी म्हणून परंपरा नाव सांगते तेही स्त्रीचे, सूर्या सावित्रीचे.

उलट, ज्या मंगलाष्टकांवाचून आज कोणाचे लग्न लागत नाही, ती कोणत्याही गृह्यसूत्रात नाहीत. शार्दूलविक्रीडितातील ते श्लोक नंतरच्या काळातील, लौकिक संस्कृतातील आहेत. आम्ही ती स्वतः आवडीने म्हणतो, त्यांचा नाद गोड आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक पद्धतीचे लग्न लावले तेव्हा त्यांनीही नवी मंगलाष्टके रचलीच. परंतु मंगलाष्टक हे शास्त्र आणि धवला हा अडाणीपणा, ही वाटणी कोणत्या ग्रंथात केली आहे ते आम्हास कोणी दाखवावे. बाणभट्टाने सातव्या शतकात हर्षचरितात राज्यश्रीच्या लग्नघराचे वर्णन केले आहे. त्यात राजघराण्यातील स्त्रिया वधूवरांच्या कुळाची नावे गुंफून मंगलगीते गात आहेत. सम्राट हर्षाच्या बहिणीच्या लग्नात जे शोभले ते आमच्या वाडीतील मुलीच्या लग्नात ओशाळवाणे का वाटावे?

याच न्यायाने साजगावच्या देवाचेही उदाहरण घ्या. त्यास लोक प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात आणि यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. शहरी पाहुणे ते नाव ऐकून तोंडावर रुमाल धरतात. तुकोबाराय मिरच्या विकावयास घाट उतरून येथवर येत अशी या भागाची दृढ श्रद्धा आहे. देहूचा तो वाणी या बाजारात घोंगडी टाकून बसला असेल तर त्याने नाक मुरडले असेल असे आम्हास वाटत नाही.

कर्जत तालुक्यातील एका गावी सात-आठ वर्षांमागे आम्ही हळदीस गेलो होतो. घर आमच्या कीर्तनास नेहमी येणारे. धवलारीण सत्तरीच्या पुढची, आवाज थोडा फाटलेला, पण स्मरण असे की एकदाही अडखळली नाही. तिचे गाणे चालू असताना शहराकडून आलेल्या एका जाणकार समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी शेजाऱ्यास ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, हिला कोणीतरी सूर द्या. बाईंनी ऐकले. गाणे संपवून त्या आम्हास म्हणाल्या, "बुवा, ह्यो गाना मना सासूनं दिला. सूर तिचाच हाय. दुसऱ्याचा कशाला घेऊ?" आम्ही त्या गृहस्थांकडे पाहिले; ते पानाचा डबा शोधीत होते. पुढे थोड्याच वेळात ध्वनिवर्धकाच्या भिंती सुरू झाल्या, आणि रात्री दहानंतर त्या बंद कराव्या लागतात म्हणून धवळ्यांचे उरलेले विधी घाईने उरकले गेले. कायदा गोंगाटासाठी केला आणि वेळ कापला गेला तो मात्र गळ्यावर गाणाऱ्या बाईचा! त्या बाई आता नाहीत. त्यांच्या सुनेस निम्मे येते. नातीस काहीच येत नाही, ती पनवेलीस नोकरी करते.

येथे खरी काळजी आहे. द्रुतगती महामार्गाने आमचे तालुके मुंबई-पुण्याच्या अंगणात आणून ठेवले. शेते विकली गेली, तेथे बंगले आणि लग्नाची हिरवळ-मैदाने झाली. अशा मैदानावर लग्न लागते ते घड्याळाच्या भाड्याने. तेथे जाते नाही, उखळ नाही, मेढ रोवायला मातीही मोकळी नाही. मग धवलारणीने गावे तरी कशावर? तिला बोलावतात, छायाचित्रापुरती बसवतात, पाच मिनिटांत आटपा म्हणतात. अलीकडे धवळ्यांच्या ओळी वाद्यमेळाच्या दणदणाटात बसवून विकण्याचीही चाल निघाली आहे. ते ऐकून काहींस आनंद होतो, होवो बापडा. आमच्या मते त्यात धवळ्याचे शब्द आहेत, धवला नाही.

जतनाचे काम होऊ शकत नाही असे नाही. घाटापलीकडे मुळशीपासून सुरुवात करून गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि 2017 पासून त्यातील ओव्या गाणारीच्या नावासह आणि आवाजासह संगणकजालावर कोणासही ऐकता येतात. त्याआधी दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी केलेले श्रम मराठी वाचकास विदित आहेतच. पालघरकडील वारली समाजातही विवाह लावणारी धवलेरी असते. तेथे लग्नाचा चौक भिंतीवर रेखताना ती गाते. त्या भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले, जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेले, त्यांस 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि योग्यच झाले. परंतु चित्र दिवाणखान्यात टांगता येते, म्हणून ते गेले. त्या चौकापुढे बसून गायिलेले गीत टांगता येत नाही, म्हणून ते भिंतीपाशीच राहिले.

आमच्या आगरी बंधूंना, विशेषतः शिकून पुढे गेलेल्या कुटुंबांना, एक विनंती. आपणांपैकी काहींना वाटते की धवलारीण म्हणजे आपल्या मागासलेपणाची खूण, आणि भटजी व इंग्रजी बाजा म्हणजे प्रतिष्ठा. आम्ही भटजींच्या घरात जन्मलो आहोत, म्हणून आमचे ऐका. आमच्या घरांतही लग्नात बायका घाणा भरताना गात असत, आंबा शिंपताना गात असत. ती गाणी आमच्याकडे दोन पिढ्यांपूर्वीच गेली. आमच्या आजीस वीस-पंचवीस येत, आईस चार. आज आमच्या घरी लग्न निघाले तर त्या वेळी ध्वनिमुद्रित सनई लावतात. आपल्याकडे अजून गळा आहे.

त्यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. लग्न मैदानावर असले तरी हळद घरच्या अंगणात लावता येते. त्या दिवशी वाद्ये रात्री आठास सुरू झाली तरी नाचणाऱ्यांस दोन तास मिळतात. तोवरचा वेळ धवलारणीचा असू द्यावा. तिच्याजवळ घरातील एखादी मुलगी ओळ झेलण्यास बसवावी, म्हणजे निदान दहा-वीस गाणी तिच्या तोंडी राहतील. भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या खिशात आहे. नवरदेवाच्या घोड्याचे चित्रण करतो तसे या गाण्याचे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत करून ठेवावे, आणि गाणारीचे नाव, गाव, तिला कोणी शिकविले हे त्यात तिच्याच तोंडून घ्यावे. भटजीस दक्षिणा ठरवून देता, मांडववाल्यास आगाऊ देता. तिचेही मानधन आधी ठरवावे. खण-नारळ वेगळा.

यंदा द्वादशीस सायंकाळी आमच्या अंगणातील तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकांपूर्वी दोघी धवलारणी गाणार आहेत. वडीलधाऱ्यांपैकी एक-दोघांनी भुवया उंचावल्या. त्यांना आम्ही आश्वलायन काढून दाखविला. उसाचा मांडव, चिंच-आवळे, दिव्यांची आरास नेहमीप्रमाणे आहेच; एक उखळ तेवढे शेजारच्या वाडीतून मागवावे लागले, कारण आमच्याकडचे केव्हाच मोडीत गेले. ध्वनिक्षेपक लावणार नाही. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी दिवेलागणीस यावे आणि जवळ येऊन बसावे. घोंगड्या अंथरलेल्या आहेत.